पुडीतला सोडा

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही. मानलीत, तर तुमच्या अकलेची मला काळजी वाटेल. नाही मानलीत, तर म्हाताऱ्याचा मान राखला नाही म्हणून मी रुसेन. तेव्हा तुमचं तुम्ही बघा. आत पोरांचा पेपर सुटायला अजून अवकाश आहे, ही बाकडी गारठलीत आणि आभाळ तर मयताला आल्यासारखं बसलंय. दुसरं करणार काय? ऐका. आणि त्या विणकाम करणाऱ्या ताई, सुया जरा हळू वाजवा. माझा एखादा टाका सुटला तर खुशाल धरा, पण गोष्ट संपल्यावर.

१

लिटमसबाई शाळेच्या फाटकातून आत शिरल्या तेव्हा रसायनाच्या मास्तरांना बाहेर नेत होते.

लिटमसबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्या दुसऱ्या शाळेच्या. इथे रसायनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून आल्या होत्या. आम्लाचा थेंब पडला की निळा लिटमस लाल होतो, तसं खोटं कानावर पडलं की बाईंचा चेहरा लाल होतो, अशी त्यांची ख्याती. खोटं कुणाचंही असो, लाली बाईंच्या चेहऱ्यावर. त्यांच्यासमोर थाप मारायची पोरांची छातीच होत नसे.

मास्तरांना त्या वीस वर्षं ओळखत होत्या. दरवर्षी एकमेकांच्या शाळेत परीक्षक म्हणून जायचं, एकमेकांच्या चुका काढायच्या आणि निघताना हात न मिळवता निघायचं, इतकी ती मैत्री. आता स्ट्रेचरवरच्या चादरीखालून मास्तरांचा एक बूट बाहेर आला होता. नाडी सुटलेली. बाई वाकल्या, नाडी बांधली आणि प्रयोगशाळेकडे चालू लागल्या.

प्रयोगशाळेच्या दारात बरणीकाका उभे होते. बाटल्या-बरण्या धुणं, भरणं, मांडणं यात त्यांचा जन्म गेलेला. कानाने अधू, म्हणून बोलणं गावाला ऐकू जाईल असं.

"मास्तर गेले!" काका ओरडले. "गॅस कालच गेला. स्पिरिटच्या दिव्यांत थेंब नाही. आज चहासुद्धा मिळायचा नाही, मॅडम!"

"चहा राहू दे, काका. कुणी पाहिलं पहिल्यांदा?"

"मीच. दार उघडंच होतं. स्टुलावर बसलेले, डोकं फळ्याला टेकलेलं. मला वाटलं, विचार करताहेत. मास्तर विचार करताना असेच दिसायचे हो. हातात खडू होता."

"आणि फळ्यावर?"

काकांनी फळ्याकडे बोट केलं. फळा ओल्या फडक्याने पुसलेला, काळाभोर.

"हेडसरांनी पुसायला लावला. एकच शब्द होता, मॅडम." आणि बरणीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "सोडा."

२

डॉक्टरांनी हृदय थांबलं असं सांगितलं. मास्तरांचं हृदय दोन वर्षांपासून राजीनाम्याची भाषा करतच होतं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. प्रश्न उरला परीक्षेचा.

"परीक्षा आजच होणार," हेडसर म्हणाले. "वेळापत्रक वरून आलंय. वरून आलेलं वेळापत्रक वर गेलेल्या माणसासाठी थांबत नाही."

हेडसरांचा विषय इतिहास. रसायनाशी त्यांचा संबंध केस काळे करण्यापुरता. परीक्षा होते म्हणजे काय होते, हेही त्यांना बाईंनी समजावून दिलं. प्रत्येक मुलाला कागदाची एक पुडी मिळते. पुडीत एक पांढरी पूड. मुलांनी तपासण्या करायच्या आणि आत काय आहे ते ओळखायचं. एक भाग आम्लाचा, एक भाग धातूचा. दोन्ही ओळखले तर पूर्ण गुण. पुड्या मास्तरांनी आदल्या दिवशी स्वतः बांधलेल्या. आत काय ते फक्त त्यांना ठाऊक आणि एका मोहोरबंद पाकिटाला.

परीक्षा झाली. ज्या खोलीत सकाळी माणूस मेला, तिथे दुपारी पोरं परीक्षानळ्या हलवत होती. कुणी वर बघत नव्हतं. त्या स्टुलावर कुणी बसलं नाही. ते बिचारं फळ्यापाशी एकटंच उभं. बाई खोलीभर फिरत होत्या. मधे हात धुवायला त्यांनी नळ फिरवला, तर नळाने नुसताच उसासा टाकला.

मग उत्तरं तपासली. पुडीत आम्ल घातल्यावर फसफसतं, निघालेला वायू चुन्याच्या निवळीला दुधाळ करतो. तेव्हा कार्बोनेट हे सगळ्यांनी ओळखलं. धातूच्या ठिकाणी मात्र सगळ्यांची गाडी घसरली. कुणी पोटॅशियम, कुणी कॅल्शियम, एकाने तर चांदी. चांदीवाल्याच्या घरी बहुधा लग्न असावं.

एकाच मुलीने बरोबर लिहिलं. सोडियम कार्बोनेट. आणि पुढे, कुणी विचारलं नसताना: म्हणजे धुण्याचा सोडा.

हेडसरांनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचलं.

"मॅडम," ते म्हणाले, "सकाळी फळ्यावर हेच होतं."

"माहीत आहे."

"ही बरोबर उत्तरवाली मुलगी कोण आहे, तेही माहीत आहे?"

बाईंना माहीत नव्हतं.

"मास्तरांची सख्खी भाची," हेडसर म्हणाले. "त्यांच्याच घरात वाढलेली."

३

हेडसरांचा हिशेब सरळ होता. मामाने भाचीसाठी उत्तर फोडलं. संध्याकाळी वर अहवाल जाणार. मुलीला तीन वर्षं परीक्षेला बंदी, आणि मास्तरांच्या नावापुढे, तिरडी उचलायच्या आत, कायमचा काळा शेरा.

"संध्याकाळपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं मी त्या माणसाच्या चुका काढतेय. ही एक माझ्या नजरेतून सुटली असेल तर मला ती बघायचीय."

त्यांनी आधी गाठलं ट्यूशनसरांना. हे त्याच शाळेत रसायन शिकवत आणि शाळा सुटल्यावर तेच रसायन घरी अधिक चवीने शिकवत. मास्तरांचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"मी सकाळपासून माझ्या क्लासवर होतो," बाईंनी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "खोलीभर पोरं साक्षीला आहेत. तिकडे बघू नका."

"तिकडे बघत नाहीये. मास्तर उत्तर फोडतील?"

ट्यूशनसर कडवट हसले. "मॅडम, खोटं बोललो तर तुम्ही लाल व्हाल म्हणून खरं सांगतो. काल संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, मास्तर, निदान धातू कुठल्या गटातला तेवढं तरी सुचवा, माझी पोरं घाबरलीत. तर म्हणाले, माझी भाचीसुद्धा घाबरलीय, तिलाही सांगितलेलं नाही. पुड्या बांधायच्या होत्या म्हणून महिनाभर त्यांनी घरात रसायन शिकवणं बंद केलं होतं. तोंडून काही निसटेल म्हणून जेवतानाही तिच्याशी बोलत नसत. पोरगी रडायची म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तीच. माझ्याकडे शिकायला येऊ का, म्हणून विचारायला आली होती." ट्यूशनसर क्षणभर खिडकीकडे बघत राहिले. "मामा ओरडेल म्हणून परत गेली. असला माणूस मरताना बदलतो का, ते मला विचारू नका. मी काही मेलेलो नाही."

बाई प्रयोगशाळेत परतल्या. बरणीकाका मांडणी आवरत होते. खुंटीवर मास्तरांचा तपकिरी स्वेटर टांगलेला. छाती तपासताना डॉक्टरांनी उतरवला तो तसाच राहिला होता. आणि टेबलावर गोळ्यांची एक पट्टी.

"ही कुणाची?" बाई काकांच्या कानाशी ओरडल्या.

"मास्तरांची! हृदयाची!"

"सकाळपासून इथेच आहे?"

"मी आलो तेव्हा इथेच होती!"

बाईंनी पट्टी उचलली. अख्खी होती. एकही गोळी फोडलेली नाही. छातीत कळ आलेल्या माणसाच्या हाताशी गोळ्या, आणि त्याने खडू धरला?

"काका, ही पट्टी मास्तर घरून घेऊन आले होते?"

"छे! काल जाताना म्हणालेच ना, म्हणजे फळ्यावर लिहिलंच ना, गोळ्या संपल्या म्हणून. नवीन आणायला घरी सांगणार होते."

म्हणजे आज सकाळी, काकांच्या आधी, इथे कुणीतरी येऊन गेलं होतं.

४

मुलगी हेडसरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. डोळे कोरडे. रडून संपल्यावर असतात तसे.

"गोळ्या तू आणल्यास?" बाईंनी शेजारी बसत विचारलं.

"हो, बाई. आईने पाठवलं. मामा पहाटेच निघाला होता."

"मामा काय करत होता?"

"स्टुलावर बसला होता. पाठमोरा. मी गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले."

"हाक नाही मारलीस?"

"आमचं बोलणं बंद होतं ना, बाई. परीक्षेपर्यंत." ती नखाने बाकाचा रंग खरवडत होती. "मला वाटलं, आज संध्याकाळी बोलूच."

"तेव्हा तो जिवंत होता का ग?"

मुलीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "मला काय माहीत, बाई? पाठ सारखीच दिसते."

मांजर आलं, दोघींकडे बघून गेलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "फळ्यावर काही होतं?"

मुलगी बोलली नाही. बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मुलगी खोटं बोलत नव्हती. ती बोलतच नव्हती. लिटमस होता तसाच राहिला.

तेवढ्यात दार उघडलं. "मॅडम, अहवाल लिहायला घेतलाय," हेडसर म्हणाले. "तुमची सही तेवढी हवी."

"सही करते," बाई उठल्या. "पण प्रयोगशाळेत. तुम्ही, ही आणि काका, तिघं चला."

५

"हेडसर," फळ्यासमोर उभं राहत बाई म्हणाल्या, "तो शब्द फळ्यावर कुठे होता?"

"मधोमध."

"नक्की?"

"पुसायला मीच लावला ना! डावीकडे निम्मा फळा रिकामा होता."

"मास्तरांनी उभ्या जन्मात ओळ फळ्याच्या मधोमध सुरू केली नाही. डाव्या काठाला चिकटून सुरू करायचे. खडू वाचतो म्हणायचे. मग आजच मधोमध का?"

हेडसरांनी खांदे उडवले. बाईंनी खुंटीवरचा तपकिरी स्वेटर काढला आणि बाह्या पसरल्या. उजवी बाही स्वच्छ. डाव्या बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, पांढरा फराटा.

"मास्तर उजव्या हाताने लिहीत. खडू डाव्या बाहीला कसा लागला? ऐका. मास्तर उभे राहून लिहीत होते. दोन शब्द लिहिले. कळ आली. डावा हात फळ्याला टेकला, आणि त्याच हातावर भार टाकून ते स्टुलावर बसले. हाताबरोबर पहिला शब्द पुसला गेला. मागे उरला तो दुसरा."

"पहिला कुठला होता, हे आता कसं कळणार?"

"काकांकडून." बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: आज काय करायचं राहिलं?

बरणीकाकांनी वाचलं. "पाणी!" ते ओरडले. "टाकीचं पाणी सोडायचं राहिलं! दर परीक्षेला मास्तर सकाळी फळ्यावर लिहून ठेवायचे. मला ऐकू येत नाही ना! 'बरण्या भरा', 'नळ्या धुवा', 'पाणी सोडा'. आज लिहिलं नाही, म्हणून मीही सोडलं नाही. नळ कोरडेच राहिले की दिवसभर!"

"लिहिलं होतं, काका," बाई म्हणाल्या. पण त्या खाली मान घालून म्हणाल्या, म्हणून काकांना ऐकू गेलं नाही.

हेडसर फळ्याकडे बघत राहिले. "सोडा. म्हणजे पाणी सोडा."

"भाचीसाठी असतं तर ते उत्तर झालं असतं. पण ते उत्तर नव्हतंच. वयाने मोठ्या माणसाला मानाने सांगितलेलं काम होतं. मरता मरता त्या माणसाला काळजी होती ती पोरांचे हात कसे धुतले जाणार याची."

मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं?"

बाईंनी झटकन तिच्याकडे पाठ केली आणि हेडसरांसमोर आल्या. पण हेडसर इतिहासाचे असले तरी अगदीच इतिहासजमा नव्हते.

"मास्तर सुटले, मान्य," ते म्हणाले. "पण ही नाही सुटली. एवढ्या पोरांत धातू हिलाच कसा कळला?"

"ज्योतीने," बाई म्हणाल्या. "तारेवर पुडीतली चिमूटभर पूड घ्यायची आणि ज्योतीत धरायची. सोडियम असलं की ज्योत पिवळीधमक होते. बाकीच्यांनी कंटाळा केला आणि अंदाज ठोकला. हिने तार ज्योतीत धरली. मी इथेच फिरत होते. मी स्वतः पाहिलंय." मागे न वळताच त्यांनी विचारलं, "पिवळी होती ना ग?"

मग मागून आवाज आला, "पिवळी."

बरणीकाकांना एरवी तोफ उडाली तरी कळत नसे, पण हे मात्र नेमकं ऐकू गेलं असावं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी तोंड मिटलं आणि "टाकी बघून येतो" म्हणत निघून गेले.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. हेडसरांना वाटलं, आपला राग आलाय. त्यांनी घाईघाईने अहवालाचा कागद चार ठिकाणी फाडला.

"मग हिचं काय करायचं, मॅडम?"

"सोडा," लिटमसबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वर टाकीची चावी फिरली असावी. प्रयोगशाळेतले सगळे नळ एकदम वाहायला लागले. दुपारी उघडून बघून तसेच सोडलेले ते नळ. मुलगी जवळच्या नळाशी गेली आणि हात धूत राहिली. किती वेळ धूत होती, ते हात धुणं होतं की दुसरं काही, ते बाईंनी वळून पाहिलं नाही.

तर मंडळी, मास्तरांचं नाव असं धुतल्यासारखं स्वच्छ राहिलं, मुलगी पास झाली आणि विज्ञानाचा विजय झाला. म्हटलं नव्हतं, कुणाला खरं वाटणार नाही? काय हो ताई, सुया का थांबल्या?

"आजोबा, एक टाका सुटलाय."

सुटू दे. स्वेटर पुरा झाला ना?

"नाही झाला. गॅस आदल्या दिवशीच संपला होता. स्पिरिटच्या दिव्यांत थेंब नव्हता. चहासुद्धा झाला नाही, तुम्हीच सांगितलंत. मग ज्योत आली कुठून? म्हणून तर सगळ्या पोरांचा धातू चुकला. पोरं काही आळशी नव्हती. पिवळी ज्योत त्या दिवशी कुणालाच दिसली नाही. पोरीने फळ्यावर मामाच्या हातचं अक्षर पाहिलं. तिला वाटलं, महिनाभर न बोललेला मामा शेवटी आपल्याशी बोलला. तेच तिने लिहिलं."

असेल. म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल.

"तुमच्या लक्षात सगळं होतं. लाल चेहरासुद्धा तुम्ही विसरला नाहीत. आता एवढंच सांगा, आजोबा, ही पुडी सोडली कुणी? तुम्ही, का बाईंनी?"